सामग्रीनाश, मांत्रिक

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिकाखेळांत जादूच्या माऱ्याने पात्राजवळचे सामान जळणे, गंजणे, फुटणे किंवा नाहीसे होणे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून (1974) हा प्रश्न या खेळांच्या मागे आहे: आगीचा गोळा पात्राच्या अंगावर फुटला, तर त्याच्या झोळीतल्या पोथीचे काय?

याचे सर्वांत काटेकोर उत्तर गायगॅक्सच्या 1979 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये आहे. तेथील तक्त्यात एका बाजूला हाड, कापड, काच, कातडे, कागद, कठीण व मऊ धातू असे पदार्थ. दुसऱ्या बाजूला आम्ल, वीज, थंडी, साधी आग, मंत्राची आग असे मारे. पात्राचा बचाव फसला की वस्तूंसाठी वीस पैलूंचा फासा पडे. मंतरलेल्या वस्तूला सवलत असे, अभय नव्हे. नियम तर्कशुद्ध, पण खेळताना जाच होई. लढाई बाजूला राहून पंचनामा सुरू होई. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीने तो आवरला. बचावाच्या फाशावर नेमका एक पडला तरच एखादी वस्तू धोक्यात येई, आणि धोक्यात येण्याच्या क्रमात पहिला मान ढालीचा, मग चिलखताचा. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत आगीचा गोळा पेट घेणाऱ्या वस्तू पेटवतो. मात्र कोणी अंगावर घातलेल्या वा जवळ बाळगलेल्या वस्तू वगळून. सोय झाली, धाक गेला. अपवाद ‘रस्ट मॉन्स्टर’चा: त्याच्यावर साधे धातूचे शस्त्र लागले की ते गंजते, प्रत्येक वारागणिक त्याची मारक शक्ती एकाने घटते आणि घट पाचावर गेली की शस्त्र संपते. त्याला पाहून चिलखतधारी योद्धे पळतात, लाकडी सोटा घेतलेला पुढे होतो.

मराठीत याच्या सर्वांत जवळचा प्रसंग नाथकथांत सापडतो. धुंडीसुत मालूच्या ‘नवनाथ भक्तिसार’ (शके 1741, इ.स. 1819) या 40 अध्यायांच्या ग्रंथात अस्त्राला प्रत्यस्त्र आहेच, पण येथे महत्त्वाची गोपीचंद राजाची कथा. त्याने जालिंदरनाथांना खड्ड्यात घालून वर घोड्याची लीद लोटली होती. पुढे त्यांना बाहेर काढताना शाप राजाला भोवणार, हे ओळखून त्यांचे शिष्य कानिफनाथ यांनी सोने, रुपे, तांबे, पितळ व लोखंड यांचे राजाचे पाच पुतळे करवले. एकेक पुतळा खड्ड्याशी उभा करायचा, आतून ‘कोण?’ विचारले की गोपीचंदाचे नाव सांगायचे. शापवाणीसरशी पुतळ्याची राख होई. पाचही जळाले, राजा वाचला.

खेळाच्या भाषेत हे सामान खर्चून पात्र वाचवणे होय. गायगॅक्सच्या तक्त्यात धातूच्या कठीणपणाला किंमत आहे. जालिंदरनाथांच्या वाणीपुढे लोखंडाला सोन्याहून जास्त तग धरता येत नाही.