पंचहौदचा चहा आणि शिवाजीनगरचा आश्रम

मे महिना म्हणजे आपल्या बोनकोड्यात पाव्हण्यांचा महिना. लग्नसराई, हळदी, माहेरवाशिणी, सुट्टीला आलेली भाचरं. पूर्वी ओटीवर चटया टाकल्या की वीस माणसं आरामात झोपायची.

याच महिन्यात माझ्या ओळखीच्या एका नर्सला इथे भाड्याने खोली हवी होती. आडनाव ऐकलं आणि एका सोसायटीतून उत्तर आलं, "आमच्यात ख्रिश्चन चालत नाही." सोसायटीचं नाव घेत नाही, कारण ती एकटीच तशी नाही. पण तेव्हापासून पुण्याचा एक इतिहास डोक्यात घोळतोय.

ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी गेली. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. एका कपभर चहापायी!

अर्थात भिंत एकाच बाजूने नव्हती. उन्हाळा आला की मुंबई इलाख्याचं सरकार महाबळेश्वरी जायचं, मिशनऱ्यांचेही तिथे बंगले होते. साहेब टेबलावर, देशी ख्रिस्ती वेगळे. याला कंटाळून रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तिथे सगळ्यांना जागा होती.

टिळक १९१९ च्या मे महिन्यात गेले. पण त्यांचा विचार नगर जिल्ह्यातल्या जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने उचलला. त्याने टिळकांचं चरित्र लिहिलं आणि १९२२ मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' काढला. गोरे आणि देशी एकत्र राहणार, खादी घालणार, जमिनीवर बसून एकाच पंगतीत शाकाहारी जेवणार. पुढे पुण्यात शिवाजीनगरला त्यांचा आश्रम झाला. १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन इथेच आले, आणि मराठी तरुण शामराव हिवाळेंशी त्यांची गाठ इथेच पडली. पुढे दोघांनी गोंडांमध्ये बरीच वर्षं काम केलं.

नंतर आश्रम थंडावला. १९७२ मध्ये तो पुन्हा उघडला आणि या वेळी दार उघडलं बायकांनी. एका बाजूला सेक्रेड हार्ट संघाच्या कॅथलिक सिस्टर, दुसऱ्या बाजूला वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर. वाँटेजच्या म्हणजे ज्या पंचहौदला काम करत आल्या होत्या आणि ज्यांच्याकडे इंग्लंडमध्ये १८८३ साली पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, त्याच संघाच्या. कॅथलिक आणि अँग्लिकन एका छपराखाली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. वंदना माताजी जन्माने पारशी, मुंबईच्या सोफिया कॉलेजच्या माजी प्राचार्या. सिस्टर सारा ग्रँट तिथेच तत्त्वज्ञान शिकवायच्या, आणि त्यांचा अभ्यासाचा विषय होता आदि शंकराचार्य!

नाव झालं 'ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम'. कुठल्याही धर्माचा, कुठल्याही देशाचा माणूस तिथे येऊन चार दिवस राहू शके. सकाळी प्रार्थना, त्यात बायबलबरोबर उपनिषदांचं वाचन, जमिनीवर बसून जेवण, मग कामाला हात. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर चर्चने इतर धर्मांशी बोलायला सुरुवात केली होती. पुण्यात ते बोलणं रोजच्या पंगतीत चालायचं.

म्हणजे ज्या शहरात मिशनचा चहा प्यायला म्हणून प्रायश्चित्त घ्यावं लागलं, तिथेच ऐंशी-ब्याऐंशी वर्षांनी हे घडलं. आपोआप नाही. टिळकांनी नोकरी सोडली, विन्स्लोने साहेबी सोडली, सिस्टरांनी आपापल्या चर्चमधलं जुनं अंतर बाजूला ठेवलं. प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागलं.

आपल्याला काय सोडायचंय? सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एकाने हात वर करून "का चालत नाही?" एवढं विचारलं तरी पुरे.

आणि हो, त्या नर्सला अजून खोली मिळालेली नाही. तिची ड्युटी रात्रीची असते. कुणाकडे असेल तर मेसेज करा.