गाळावरचे पाहुणे

दसऱ्याचे सोने वाटून झाले, की आमच्या निफाडकडच्या अंगणात एक लहानसा पाहुणा हटकून हजर होतो. अंग पांढरे-करडे, छातीवर काळा ठिपका, आणि शेपटीची वरखाली आपटाआपट अशी अखंड चाललेली, की लोकांनी त्याचे नाव धोबी ठेवले यात नवल नाही. पंडित त्याला खंजन म्हणतात. उन्हाळा हिमालयात किंवा त्याच्याही पलीकडे काढून तो थंडीपुरता आपल्याकडे येतो. आमच्या आजीला हा भूगोल ठाऊक नव्हता. “धोबी आला गं, गोधड्या उन्हात टाका,” एवढे ती सुनांना बजावी, आणि तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

वराहमिहिराने सहाव्या शतकात आपल्या ‘बृहत्संहिते’त या टीचभर पक्ष्याच्या प्रथमदर्शनाच्या फळांना एक सबंध अध्याय दिला आहे. तो कुठे बसलेला दिसला यावर शुभाशुभ ठरायचे. खंजनाची जोडी जिथे रमते तिथे जमिनीखाली धन असते, असेही तो सांगून जातो. शकुनावर माझा विश्वास नाही. पण पहिला खंजन दिसायचा, तर कोणीतरी पाण्याकाठी नि गोठ्याकाठी डोळे उघडे ठेवून हिंडत असले पाहिजे, हे तर खरे! शरदात पक्षी पाहायला निघण्याची आपली हौस निदान एवढी जुनी आहे. दुर्बीण तेवढी मागाहून आली.

ही हौस फेडायला मी दिवाळीच्या सुमारास नांदूर मध्यमेश्वरला जातो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, निफाड तालुक्यातच हे ठिकाण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने येथे बंधारा घातला, तो काही बदकांसाठी नव्हे. डाव्या-उजव्या कालव्यांनी गोदेचे पाणी कोपरगावच्या बाजूच्या अवर्षणी मुलखात न्यावे, हा त्यातला हेतू. पुढे १९१६ साली वर दारणा धरण झाले, १९६५ साली गंगापूर. तिथून सोडलेले पाणी येथे अडते आणि कालव्यांत वळते.

पाण्याबरोबर गाळही येतो. पावसाळ्यात वरच्या शेतांतली काळी माती पुराबरोबर खाली उतरते, बंधाऱ्यापाशी पाणी मंदावते आणि माती तळाशी बसते. वर्षामागून वर्षे हेच चालले. तळ वर आला, मध्ये बेटे उघडी पडली, पाणकणीस आणि लव्हाळे माजले, आणि कित्येक ठिकाणी पाणी गुडघाभर उरले.

माझे एक मामा कालव्यावर पाटकरी होते. पाळीचे पाणी कोणाच्या शेताला किती वेळ, या तंट्यांपायी रात्री-अपरात्री कंदील घेऊन हिंडण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्यापुढे तळ्याचे कौतुक करायची सोय नव्हती. “भाचेबुवा,” ते म्हणत, “तुम्ही बदके मोजा, मी गाळ मोजतो. जितका गाळ जास्त तितके पाणी कमी, आणि जितके पाणी कमी तितक्या शिव्या मला!”

मामांचे चुकत नव्हते. अडचण एवढीच, की त्यांचा हा शत्रूच पक्ष्यांचा अन्नदाता होता. थापट्या बदक आपल्या पळीसारख्या चोचीने उथळ पाणी गाळून खाते. तलवार बदक डोके पाण्यात खुपसून, शेपटीचे टोक आभाळाकडे करून तळ चाचपते. मानेला तळ लागला नाही, तर बिचारे उपाशी! शेकाट्या आणि तुतवार यांना तर ओला चिखलच हवा. काळ्या अंगाचे, कपाळी पांढरा टिळा ल्यालेले वारकरी पाणवनस्पतींवर ताव मारतात. तुडुंब खोल धरणात यांतल्या फार थोड्यांचे भागते.

डॉ. सलीम अली येथे येऊन गेले, तेव्हा त्यांनी या जागेला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटले. ही उपमा आपण अभिमानाने मिरवतो, पण तिच्यात आणखीही काही आहे. भरतपूरचे पाणीही माणसानेच बांध घालून साठवलेले, आणि तिथल्या राजांच्या लेखी ते शिकारीचे मैदान होते. १९३८ सालच्या १२ नोव्हेंबरला, ऐन कार्तिकात, व्हाइसरॉय लॉर्ड लिन्लिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी टिपले गेले. शिकारीचे असे आकडे तिथे दगडावर कोरून ठेवले आहेत. खुद्द सलीम अलींची वाटही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झाली. तिचे नाव विचारायला हा मुलगा मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळात गेला, आणि १९४१ साली त्याचेच पक्ष्यांवरचे पुस्तक आले. १९७२ च्या कायद्यानंतर तर वन्य पक्ष्यांवर बंदूक रोखण्याचे दिवस संपतच गेले.

नांदूर मध्यमेश्वर १९८६ साली अभयारण्य झाले. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. त्या यादीतले क्षेत्र १,४३७ हेक्टर. बंधारा मात्र आजही कालव्यांचाच आहे, आणि खालच्या गावांची तहान काही लटकी नव्हे. गाळ काढा म्हणणाऱ्या शेतकऱ्याला मी काय उत्तर द्यावे? मामांना देता आले नाही, ते त्यालाही देता येत नाही. जलपर्णी तेवढी कोणालाच नको, म्हणून तिच्यावर आमचे एकमत होते.

एका वर्षी दिवाळी उशिरा, नोव्हेंबरात होती. चापडगावच्या मनोऱ्यावर मी पहाटेपासून बसलो होतो. धुके विरले तरी समोर नुसते पाणी, आणि दूरवर चक्रवाकांची एक जोडी. कंटाळून मी दुर्बीण पेटीत घालू लागलो, तसा बरोबरचा वाटाड्या पोरगा म्हणाला, “बाबा, जरा दम धरा. काल कालव्याला पाणी सोडलंय.”

खरोखरच तासाभरात पाण्याची कड हातभर मागे सरली. समोरच्या बेटाला ओल्या, काळ्याशार गाळाची किनार उमटली, आणि कुठून कोण जाणे, तुतवारांचा एक थवा तिच्यावर उतरला. त्यांच्या मागोमाग, शेपटी आपटीत, एक धोबी.