चामड्याची उंच टोपी : आकार, द्रव्य आणि हस्तकौशल्य

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय नागर पोशाखाचा विचार करताना ‘टॉप हॅट’ या नावाने परिचित असलेली उंच, काळी, नळकांड्याच्या आकाराची टोपी प्रथम डोळ्यांसमोर येते. समकालीन चित्रांवरून तिचा आकार कळतो, परंतु ती कशाची केलेली आहे हे कळत नाही. यामुळे वेषभूषेच्या इतिहासात द्रव्याचा प्रश्न बहुधा गौण ठरतो व ही टोपी म्हणजे केवळ प्रतिष्ठेचे चिन्ह, असे मानले जाते. वस्तुतः याच आकाराच्या टोप्या नमद्याच्या, रेशमाच्या आणि चामड्याच्याही होत असत. त्यांपैकी चामडे कोठे व कशासाठी वापरले गेले, हे पाहिले असता या टोपीचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो. तो सरदार-सावकारांचा नसून अंगमेहनतीने सार्वजनिक सेवा करणाऱ्यांचा आहे.

प्रथम नमदा व रेशीम यांचा विचार करणे सोयीचे होईल. नमदा म्हणजे न विणता, केस ओलावा, उष्णता व दाब यांच्या योगाने एकमेकांत गुंतवून केलेले वस्त्र. बीव्हर या जलचर प्राण्याची मऊ लव त्यासाठी उत्कृष्ट समजली जाई. युरोपातील बीव्हर संपुष्टात येऊ लागल्यावर उत्तर अमेरिकेतील कातड्यांचा व्यापार वाढला. १६७० मध्ये सनद मिळालेल्या हडसन्स बे कंपनीचा उत्कर्ष मुख्यतः याच मालावर झाला. एकोणिसाव्या शतकात लवदार रेशमी कापडाने नमद्याची जागा घेतली. सुती कापडाचे थर लाखेच्या द्रावणाने ताठ करून पाच तुकड्यांच्या लाकडी ठोकळ्यावर सांगाडा बसवीत आणि त्यावर रेशीम गरम इस्त्रीने चिकटवीत. टोपीचा मध्यभाग बारीक असल्याने अखंड ठोकळा बाहेर निघणे शक्य नसे. म्हणून मधला तुकडा आधी काढून मग इतर सोडवावे लागत. पहिली रेशमी टोपी १७९७ मध्ये लंडनच्या हेदरिंग्टन नावाच्या व्यापाऱ्याने घातली व रस्त्यात गोंधळ माजून त्याला दंड झाला, ही कथा वारंवार सांगितली जाते. तथापि तिला समकालीन पुराव्याचा आधार नाही. या दोन्ही प्रकारांत चामडे होते. पण ते टोपीच्या आतल्या बाजूस, घाम टिपणाऱ्या पट्टीच्या रूपाने, दृष्टीआड राहिले.

चामडे बाहेर आले म्हणजे कारागिरीची सर्व रीतच बदलते. यासाठी कातडे झाडाच्या सालीतील तुरट द्रव्याने कमावलेले असावे लागते. युरोपात ओकची साल वापरीत. महाराष्ट्रात बाभळीची साल आणि हिरडा यांचा उपयोग परिचितच आहे. असे चामडे पाण्यात भिजवले की तंतू सैल होऊन ते मातीसारखे वळते आणि ठोकळ्यावर ताणून वाळवले की दिलेला आकार धरून ठेवते. मात्र उष्णतेला मर्यादा आहे. ओले चामडे सुमारे ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आक्रसते व कडक होते. मध्ययुगीन कारागीर चिलखतासाठी चामडे मुद्दाम कठीण करीत, त्यामागे ओलावा व उष्णता यांचेच नियमन होते असे मानले जाते. क्रोम क्षारांनी कमावण्याची पद्धत १८८४ नंतर व्यवहारात रूढ होऊ लागली. असे चामडे अधिक लवचिक व उष्णतेस टिकाऊ असले, तरी ओल्याने दिलेला आकार ते तितकासा धरीत नाही. त्यामुळे हाताने घडवलेल्या ताठ टोपीला जुन्या पद्धतीचेच चामडे लागते.

हातकामाचा क्रमही पाहण्यासारखा आहे. टोपीचे तीन भाग कापावे लागतात : अंडाकृती माथा, उभी भिंत आणि काठ. भिंत सरळ उभी असेल तर आयताकृती पट्टी पुरते. पण टोपी वरच्या बाजूस रुंदावत असेल तर तीच पट्टी कमानीसारखी वक्र कापावी लागते, नाही तर शिवण जुळत नाही. कडा रापीने तासून पातळ केल्या जातात, आरीने समान अंतरावर भोके पाडली जातात आणि एकच दोरा दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून ओवला जातो. या शिवणीचा गुण असा की एक टाका तुटला तरी शेजारचे टाके सहसा उसवत नाहीत. शेवटी काठ ओला करून दोन्ही बाजूंस वर वळवतात. कापड बेतणाऱ्याची भूमिती आणि मोच्याची शिवण यांचा येथे संयोग झालेला दिसतो.

या कौशल्याची खरी गरज आगीशी झुंजणाऱ्यांना भासली. न्यूयॉर्क शहरात १७३१ मध्ये लंडनहून पाण्याचे दोन हातबंब आले आणि त्यानंतर स्वयंसेवकांची अग्निशामक संघटना उभी राहिली. उंच माथ्याची व अरुंद काठाची चामडी टोपी तेथे १७४० च्या सुमारास जेकोबस टर्क याने प्रचारात आणली, असे परंपरा सांगते. ती ग्राह्य धरल्यास ही टोपी फॅशनच्या टॉप हॅटची नक्कल ठरत नाही. उलट ती तिच्यापूर्वी सुमारे अर्धे शतक अस्तित्वात होती. पुढे १८३० च्या दशकात हेन्री ग्रॅटाकॅप या प्रवासी पेट्या बनवणाऱ्या कारागिराने, जो स्वतः अग्निशामक स्वयंसेवक होता, माथा अनेक पाकळ्यांचा करून सांध्यांवर उभ्या कण्या बसविल्या आणि पाणी मानेवर न ओघळावे म्हणून काठ मागे लांबवला. उंच नळकांडे येथे संपले व शिरस्त्राण सुरू झाले. फिलाडेल्फियाच्या पथकांचे उदाहरण याहून बोलके आहे. मिरवणुकीत घालण्याच्या त्यांच्या उंच, चित्रित टोप्या बहुधा दाबलेल्या नमद्याच्या असत; आगीवर जाताना मात्र चामड्याची टोपी लागे. माणूस एकच, पथक एकच; प्रसंग बदलला की द्रव्य बदलत असे.

लंडनच्या पोलिसांची टोपी या दोहोंच्या मध्ये उभी आहे. २९ सप्टेंबर १८२९ रोजी रॉबर्ट पील यांनी स्थापिलेले महानगर पोलीसदल प्रथम रस्त्यावर आले. शिपाई हा लष्करी सैनिक वाटू नये, यासाठी लाल रंग टाळून त्याला निळा कोट व नागरिकाची उंच टोपी देण्यात आली. परंतु सभ्य गृहस्थाची टोपी दंडुक्याच्या पहिल्याच तडाख्यात चेपली असती. म्हणून तिचा माथा जाड चामड्याचा करून ती मजबूत करण्यात आली. बाहेरून नागरिकत्व आणि माथ्यावर संरक्षण, अशी ही तडजोड होती. १८६० च्या दशकात तिच्या जागी शिरस्त्राण आले, तेव्हा ही तडजोड अपुरी पडल्याचे एका अर्थी मान्यच झाले.

येथे कारागिराच्या देहाचा प्रश्न उपस्थित होतो. सशासारख्या प्राण्यांचे केस नमद्यात नीट गुंतावेत म्हणून त्यांवर पाऱ्याचा नायट्रेट क्षार लावीत. केस वाळविताना व टोपी गरम करून घडविताना पाऱ्याची वाफ कामगारांच्या श्वासात जाई आणि हातापायांना कंप, दात हलणे, चिडचिड, भित्रेपणा अशी लक्षणे उद्भवत. न्यू जर्सीतील टोपी-कामगारांच्या या व्याधीचे वर्णन ॲडिसन फ्रीमन या डॉक्टरांनी १८६० मध्ये प्रसिद्ध केले. तरीही अमेरिकेत पाऱ्याचा हा वापर १९४१ च्या डिसेंबरपर्यंत थांबला नाही. चामडे कमावण्याचा धंदाही क्लेशकारक व दुर्गंधीयुक्त होता, हे खरे. परंतु सालीने कमावलेले चामडे टोपीच्या आकारात आणण्यासाठी पाऱ्याची गरज नव्हती. पाऱ्याचे विष आवश्यक झाले ते नमद्याच्या तलम, तकतकीत पृष्ठभागासाठी. परिधान करणाऱ्याच्या डोक्याला त्या पृष्ठभागापासून कोणतेच संरक्षण मिळत नसे.

या तुलनेतून एक निष्कर्ष निघतो. उंच टोपीच्या आकाराने परिधान करणाऱ्याचा दर्जा जाहीर केला. तिच्या द्रव्याने त्याचे काम सांगितले आणि घडविणाऱ्याला कोणती किंमत मोजावी लागली तेही सांगितले. गृहस्थाच्या टोपीत चामडे आत लपले, पोलिसाच्या टोपीत ते माथ्यावर आले आणि अग्निशामकाच्या टोपीत ते सर्वस्व झाले. जेथे डोक्यावर खरोखर काही कोसळण्याचा संभव होता, तेथेच चामड्याला दर्शनी स्थान मिळाले. न्यूयॉर्कच्या अग्निशामकांत चामडी शिरस्त्राणाची परंपरा आजही टिकून आहे; रेशमी टोपी मात्र समारंभापुरती उरली आहे. तेव्हा संग्रहालयातील टोपीच्या अभ्यासकाने तिची उंची मोजून न थांबता तिचे अस्तर, शिवण व कमावणी तपासली पाहिजे. कारण चित्रकाराने जे नोंदविले नाही, ते तेथे नोंदलेले असते.