मोटार कोठे जुळली?

मोटार घेताना ‘ही बाहेरची की इथली?’ असे विचारण्याची आपली सवय जुनी आहे. ज्या देशात मोटार जुळली, त्या देशाचा गुण तिच्यात उतरतो, असे त्यामागील गृहीत असते. ते तपासून पाहावयाचे तर आपणां पवईकरांना फार दूर जावयास नको. कुर्ला आणि शिवडी पुरेशी आहेत.

१९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांत भरून बोटीने येत, आणि मुंबईचे कामगार ते जोडून गाडी उभी करीत. आराखडा, धातू आणि मापे परदेशची. येथले होते ते हात. हाताला नीट शिकविले तर जुळणी नीट होते, हे शिवडीने दाखविले. परंतु मोटार घडविण्याची विद्या त्या पेट्यांतून येत नव्हती.

वालचंद हिराचंद यांना ही विद्याच हवी होती. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम क्रायस्लरच्या आणि पुढे फियाटच्या गाड्या तयार झाल्या. आरंभ तेथेही जुळणीनेच झाला; पण भाग देशातच करावयाचे, हे ध्येय होते. १९५३ साली सरकारनेही टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून तेच धोरण स्वीकारले. नुसती जुळणी करणाऱ्यांना जागा उरली नाही, आणि १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला.

मग कुर्ल्याची गाडी उत्तम झाली काय? उत्तर सरळ नाही. इटलीत १९६६ च्या सुमारास मागे पडलेला नमुना येथे शतकाच्या अखेरपर्यंत निघत राहिला. १९७४ पासून त्याचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’. आयात जवळजवळ बंद, उत्पादन परवान्याने बांधलेले, आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेले! ज्याला दुसरे दुकान नाही, त्याच्या तक्रारीला धार कोठून येणार? सुधारणा खुंटली ती कामगाराच्या हातामुळे नव्हे, तर या व्यवस्थेमुळे.

तरीही हीच पद्मिनी टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत मुंबईत धावली. कारण टिकाऊपणाचे अर्थ दोन आहेत: न बिघडणे हा एक, आणि बिघडल्यास कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून स्वस्तात दुरुस्त होणे हा दुसरा. दुसऱ्या अर्थाने ती खरी उतरली.

१९८३ साली गुडगावला मारुती निघाली. देश तोच, माणसे तीच. बदलली ती कामाची पद्धत, आराखडा आणि तपासणीची शिस्त. गिऱ्हाईक तिकडे वळले. १९९५ पासून पुण्यात मर्सिडीझही जुळू लागली.

तेव्हा मोटारीचा गुण नकाशावर शोधू नये. भाग कोणत्या मापाने पारखले, कामगाराला काय शिकविले, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याची मोकळीक होती की नाही, हे विचारावे. ‘इथली’ म्हणून नाक मुरडणे हा आपल्याच कारागिरांवर अन्याय आहे. आणि ‘इथली’ म्हणून दोष झाकणे हाही अन्यायच, कारण त्यामुळे त्यांच्या हातांना अधिक चांगले काम करण्याची संधीच मिळत नाही.