ऑनलाइन एमपीएच : फी भरण्याआधी घरात व्हायला हवी अशी चर्चा

गेल्या वर्षी मे महिन्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी अब्बांना घेऊन नालासोपाऱ्याला आमच्या घरी आली. बीयूएमएस झालेली, इंटर्नशिप संपलेली, निकाह ठरलेला. मोबाइलवर मेसेज होता : ‘ऑनलाइन एमपीएच. फक्त तीन जागा शिल्लक. सवलत आज रात्री बारापर्यंत.’ अब्बांनी जागा धरून ठेवायला पंचवीस हजार भरूनही टाकले होते. पुढचा हप्ता भरायचा का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

आम्ही यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची यादी उघडली. विद्यापीठाचं नाव त्यात होतं, पण त्यापुढे जे अभ्यासक्रम दिले होते त्यात एमपीएच नव्हतं. शोधायला दहा मिनिटं लागली. पंचवीस हजार मात्र परत आले नाहीत.

त्यानंतर वसई, गोखिवरे, पेल्हार, विरार अशा सगळीकडून हाच प्रश्न आमच्याकडे येत राहिला. म्हणून ही माहिती एका जागी मांडत आहोत. पालकांनी मुलामुलींसोबत बसून वाचावी.

एमपीएच म्हणजे नेमकं काय?

एमपीएच म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. डॉक्टर समोरच्या एका पेशंटला तपासतो. सार्वजनिक आरोग्यवाला अख्ख्या मोहल्ल्याला तपासतो. एकाच गल्लीत दहा घरांत कावीळ का झाली, पाण्याची लाइन गटाराजवळून जाते का, लस घ्यायला कोण आलं नाही आणि का आलं नाही, हे त्याचे प्रश्न.

आपल्या भागात हे प्रश्न रोजचे आहेत. चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती मिळून २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेतच लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. सूर्या, उसगाव आणि पेल्हार धरणांतून पाणी येतं, तरी कित्येक वस्त्या टँकरवर आहेत. पावसाळ्यात नालासोपाऱ्यात पाणी भरतं, मागोमाग ताप आणि जुलाब येतात. याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाडाही आहे. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने झालेले बालमृत्यू महाराष्ट्र विसरलेला नाही.

आपल्या कौमचाही यात थेट संबंध आहे. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवर पसरला, मुलं दगावली. लस उपलब्ध होती, पण अनेक घरांपर्यंत विश्वास पोहोचला नव्हता. त्याआधी उत्तर प्रदेशात पोलिओच्या वेळी हेच घडलं होतं. तिथे अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्द या संस्था मोहिमेत उतरल्या, मशिदींचे इमाम बोलू लागले, तेव्हा बंद दारं उघडली. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. घराघरात जाऊन आपल्याच जबानीत बोलू शकणारी शिकलेली माणसं हवीत, ती यासाठी.

शिकायला काय असतं?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एमपीएचचा आदर्श अभ्यासक्रम तयार केला आहे. तो दोन वर्षांचा आहे. मुख्य विषय असे : साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, आरोग्य धोरण आणि व्यवस्थापन, पर्यावरण आणि आरोग्य, समाज आणि वर्तन. सोबत प्रत्यक्ष वस्तीतलं काम आणि शेवटी प्रबंध.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट असाव्यात. एक, गणिताचा कंटाळा असेल तर जैवसांख्यिकी जड जाते, म्हणून दहावीच्या सरासरी-टक्केवारीपासून उजळणी करावी. दोन, एमपीएच केल्याने कोणी डॉक्टर होत नाही. बीएस्सी किंवा बीएसडब्ल्यू करून एमपीएच झालेल्याला औषध लिहून देता येत नाही.

प्रवेशाची पात्रता ठिकाणानुसार बदलते. काही संस्था कोणत्याही शाखेचा पदवीधर घेतात, काहींना आरोग्य शाखेचीच पदवी लागते.

आधी जवळचे पूर्णवेळ पर्याय पाहा

ऑनलाइनचा विचार का होतो, हे आम्हाला कळतं. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था एमपीएचसाठी नावाजलेली आहे आणि तिथे सीयूईटी-पीजी परीक्षेतून प्रवेश मिळतो. पण विरारहून दादर, तिथून कुर्ला, मग हार्बरने गोवंडी, असा रोजचा प्रवास म्हणजे दिवसाचे चार-पाच तास लोकलमध्ये. नोकरी करणाऱ्याला किंवा लहान मूल असलेल्या आईला ते जमत नाही.

तरीही पूर्णवेळ शक्य असेल तर तोच पहिला पर्याय ठेवा. टाटा संस्थेशिवाय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमपीएच आहे. चेन्नईला आयसीएमआरच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेत आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र या क्षेत्रातल्या जुन्या केंद्रांपैकी आहे. देवनारलाच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिथला विषय एमपीएचचा शेजारी म्हणावा असा, आकडेवारीकडे झुकणारा. आधी या संस्थांची माहितीपत्रकं वाचा, मग ऑनलाइनकडे वळा.

मान्यता : सगळ्यात महत्त्वाचा भाग

दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी यूजीसीचे नियम सप्टेंबर २०२० मध्ये आले. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. जाहिरातवाले एवढंच सांगतात. पुढचं सांगत नाहीत.

वैद्यकीय, दंत, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि इतर पॅरामेडिकल शाखा ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने शिकवायला बंदी आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, अन्न व पोषण विज्ञान, बायोटेक्नॉलॉजी, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डायटेटिक्स हे विषयही या पद्धतीने शिकवणं थांबवलं. सार्वजनिक आरोग्य हा विषय याच सीमेवर उभा आहे. रुग्ण तपासायला तो शिकवत नाही, पण आरोग्याशी बांधलेला आहे. म्हणून ‘गेल्या वर्षी चालू होता’ किंवा ‘आमचं विद्यापीठ मोठं आहे’ या बोलण्यावर विसंबू नका. हे तपासा :

१. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर (डीईबी डॉट यूजीसी डॉट एसी डॉट इन) विद्यापीठाचं नाव शोधा.

२. त्या नावापुढे तुमचाच अभ्यासक्रम, त्याच नावाने आहे का, पाहा. ‘एमबीए हॉस्पिटल मॅनेजमेंट’ म्हणजे एमपीएच नव्हे.

३. तुम्ही ज्या सत्रात प्रवेश घेणार त्याच सत्राची मान्यता आहे का, पाहा. जुनी मान्यता चालत नाही.

४. ऑनलाइन आणि दूरशिक्षण या दोन वेगळ्या मान्यता आहेत. तुमची पद्धत कोणती, ते पाहा.

५. त्या पानाची प्रिंट काढून तारखेसह फाइलमध्ये ठेवा.

मान्यताप्राप्त ठिकाणी प्रवेश घेण्यासाठी आता डीईबी आयडी लागतो. तो तुमच्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्याला जोडलेला असतो. हा आयडी विद्यार्थ्याने स्वतः काढावा, एजंटकडे ओटीपी देऊ नये. इथे आपल्या घरांत एक अडचण नेहमी येते, ती नावाच्या स्पेलिंगची. आधारवर एक ‘शेख’, दहावीच्या मार्कशीटवर दुसरा, पदवीवर तिसरा. कुठे ‘मोहम्मद’ पूर्ण, कुठे दोनच अक्षरं. मुलींचं लग्नानंतर आडनाव बदलतं ते वेगळंच. आधी सगळी कागदपत्रं एकसारखी करून घ्या. याला महिने लागतात, म्हणून आजच सुरुवात करा.

परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी

लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन ही १८९९ पासूनची संस्था आहे. तिची सार्वजनिक आरोग्यातली एमएस्सी लंडन विद्यापीठामार्फत दूरशिक्षणाने करता येते. इम्पीरियल कॉलेज लंडनचा एमपीएच कोर्सेरावर आहे. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्सचा एमपीएचही ऑनलाइन करता येतो. शिक्षणाच्या दर्जाबद्दल शंका नाही. प्रश्न दोन आहेत : फी लाखांच्या घरात जाते, आणि भारतात सरकारी नोकरी किंवा पीएचडीसाठी पदवीची समकक्षता लागते. यासाठी यूजीसीने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम आणले. ऑनलाइन घेतलेल्या परदेशी पदवीला ही समकक्षता आपोआप मिळते असं समजू नका.

शिक्षण-कंपन्या परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून ज्या पदव्या विकतात त्यांना मान्यता नाही, असा इशारा यूजीसीने २०२३ च्या डिसेंबरमध्ये दिला होता. आखातात किंवा एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेत काम करायचं असेल तर परदेशी पदवीचा उपयोग होऊ शकतो. पालघर जिल्हा परिषदेत काम करायचं असेल तर आधी लेखी खात्री करा.

‘बिनव्याजी हप्ता’ म्हणजे काय?

कंपनीचा माणूस म्हणतो, ‘अंकल, झिरो इंटरेस्ट आहे.’ कागद नीट वाचला तर बहुतेक वेळा तो एका वित्त कंपनीचा कर्जाचा करार निघतो. मुलीने शिक्षण सोडलं तरी हप्ता चालू राहतो, हप्ता चुकला की दंड लागतो, सिबिल बिघडतो. ज्या घरात सूद नको म्हणून बँकेचं कर्ज टाळतात, त्याच घरात हा करार नकळत येऊन बसतो. बँक खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी देताना सावध राहा, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना सांगितलं होतं. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात, सत्रागणिक भरा आणि पावती विद्यापीठाच्या नावाची घ्या.

राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम शैक्षणिक कर्ज योजना आहे. तुमचा अभ्यासक्रम आणि ऑनलाइन पद्धत त्यात बसते का, व्याजाची अट काय, हे कार्यालयात विचारूनच ठरवा.

वेळेचा हिशोब

‘ऑनलाइन म्हणजे घरबसल्या, आरामात’ ही सगळ्यात मोठी गैरसमजूत. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारण ८० क्रेडिटचा असतो. इग्नूच्या हिशोबाने एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे ३० तास. म्हणजे २,४०० तास. दोन वर्षांच्या १०४ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला २३ तास, रविवार धरून रोज तीन तासांहून जास्त. रमजान, लग्नसराई आणि आजारपण यातून वजा व्हायचंच आहे.

म्हणून मुलीचं शिक्षण लग्नानंतर चालू राहणार असेल तर हे २३ तास निकाहच्या आधी सासरच्यांसमोर बोलून घ्या. ‘शिकू देऊ की’ असं म्हणणं सोपं असतं. संध्याकाळी सात ते दहा स्वयंपाकघर कोण बघणार, हे ठरवणं खरं.

पुढे काम कुठे मिळतं?

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत जिल्हा साथरोगतज्ज्ञासारख्या पदांसाठी वैद्यकीय पदवीसोबत एमपीएच, एमएचए किंवा आरोग्यातलं एमबीए मागितलेलं दिसतं. ही पदं बहुधा कंत्राटी असतात, हे लक्षात ठेवा. महापालिका, स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प, रुग्णालयांचं व्यवस्थापन इथेही संधी असते. बीयूएमएस, बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांना एमपीएचचा फायदा जास्त होतो. कोर्स निवडण्याआधी अशा चार-पाच जुन्या जाहिराती काढा आणि पात्रतेची ओळ शब्द न शब्द वाचा. ‘पूर्णवेळ’ किंवा ‘नियमित’ असा शब्द असेल तर तुमचा निर्णय तिथेच होईल.

थोड्या खर्चात सुरुवात

लाख रुपये घालण्याआधी विषय आवडतो का, ते पाहता येतं. सरकारच्या स्वयम पोर्टलवर अभ्यासक्रम मोफत आहेत, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची असते. आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेने एनपीटीईएलवर चालवलेला ‘हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स’ हा अभ्यासक्रम सुरुवातीला फार चांगला. जागतिक आरोग्य संघटनेचे ऑनलाइन धडेही मोफत आहेत. इग्नू रुग्णालय व आरोग्य व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा चालवत आली आहे. चालू सत्रात तो आहे का आणि पात्रता काय, हे त्याच यादीत पाहा.

आणि वस्तीतलं काम ऑनलाइन होत नाही. ते इथेच, जवळच्या आरोग्य केंद्रात, आशाताईंसोबत घरोघर फिरून शिकायचं आहे. त्याबाबतीत नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणारी मुलगी कोणाच्या मागे नाही.

आमच्या त्या विद्यार्थिनीने पुढचा हप्ता भरला नाही. तिने आधी ‘हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स’ पूर्ण केला, मग गेल्या पावसाळ्यात आपल्याच इमारतीतल्या चाळीस घरांत पाणी उकळून पितात का, याची वही केली. आता निकाह झालाय, सासर भाईंदरला आहे आणि घरच्यांच्या संमतीने ती सीयूईटी-पीजीची तयारी करते आहे. पंचवीस हजार गेल्याचं दुःख अब्बांना अजून आहे. ते म्हणतात, सर, तुम्ही ही यादी आधी दाखवली असती तर बरं झालं असतं. ते खरंच आहे, म्हणूनच इथे लिहिली.