धर्मादाय आणि राजकारण : विठ्ठलभाईंचे मृत्युपत्र

मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांचे ऑक्टोबर १९३३ मध्ये जिनिव्हाजवळ निधन झाले. त्याआधी थोडेच दिवस त्यांनी मृत्युपत्र केले होते. इतर देणग्या वजा जाता उरणारे धन सुभाषचंद्र बोस यांच्या हाती द्यावे व त्यांनी ते भारताच्या राजकीय उन्नतीसाठी, शक्यतो परदेशांतील प्रचारकार्यासाठी खर्चावे, अशी त्यांची इच्छा होती. १९३९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही तरतूद निष्फळ ठरविली. धन बोस यांना स्वतःसाठी दिलेले नसून एका हेतूसाठी दिले आहे, आणि ‘राजकीय उन्नती’ हा हेतू अंमलात आणता येण्याजोगा निश्चित नाही, असा निर्णयाचा आशय होता. धन वारसांकडे गेले.

इंग्लंडच्या न्यायविचारात ही वाट आधीच पडली होती. १९१७ च्या बोमन खटल्यात लॉर्ड पार्कर यांनी तिचे कारण सांगितले होते : कायद्यातील एखादा बदल लोकहिताचा आहे किंवा नाही, हे ठरविण्याचे साधन न्यायालयाजवळ नाही. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तो ज्या देशात जन्मला तेथे राजकीय हेतूस पक्ष, निवडणूक व संसद यांची दारे उघडी होती. पराधीन देशात मात्र लोकहिताचा मूळ प्रश्नच राजकीय होता.

या संदर्भात दोन निवाडे लक्षणीय वाटतात. दोन्ही प्राप्तिकराचे आणि दोन्ही प्रिव्ही कौन्सिलचे. भारतीय प्राप्तिकर कायद्यात ‘सर्वसाधारण लोकोपयोगी उद्दिष्ट’ हे शब्द होते व ते इंग्लंडच्या व्याख्येहून व्यापक होते. त्यांच्या आधारे १९३९ मध्येच सरदार दयालसिंह मजीठिया यांनी स्थापिलेल्या लाहोरच्या ‘ट्रिब्यून’ पत्राचा न्यास धर्मादाय ठरला. वृत्तपत्र राजकारणावर लिहिते एवढ्याने त्याचा हेतू राजकीय ठरला नाही. पुढे १९४४ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाचा प्रश्न आला. हा संघ १९२५ मध्ये काँग्रेसच्याच ठरावाने जन्मला होता आणि गांधीजी त्याचे अध्यक्ष होते. तरीही दारिद्र्यनिवारण हे त्याचे प्रधान कार्य मानले गेले व त्यास सूट मिळाली. जन्मदात्या संस्थेचे राजकारण संघाच्या माथी मारले गेले नाही, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील धर्मादाय हेतूच्या व्याख्येतही लोकोपयोगी उद्दिष्टाचे हे शब्द आहेत. महाराष्ट्रातील अनेक विहारांचे व शिक्षणसंस्थांचे न्यास याच अधिनियमाखाली नोंदलेले आहेत.