राजगोंड
तेलंगणातील आदिलाबाद परिसर आणि त्याला लागून असलेल्या महाराष्ट्राच्या सीमाभागात राहणारी, गोंडी ही द्राविडी भाषा बोलणारी आदिवासी जमात. समाज ‘सगा’ या बहिर्विवाही गटांत, म्हणजे ज्यांच्या अंतर्गत विवाह निषिद्ध असतो अशा चार, पाच, सहा व सात देवांच्या गटांत विभागलेला असून प्रत्येक सगात अनेक कुळे येतात. वंश वडिलांकडून चालतो. कुळकथा जपणारे परधान हे परंपरागत गायक ‘किकरी’ या तंतुवाद्याच्या साथीने त्या गातात. केसलापूर येथे पौष अमावास्येला मेसराम कुळाची नागोबा जत्रा भरते आणि दिवाळीच्या सुमारास दंडारी उत्सवात मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी नर्तक गावोगाव फिरतात. निजामी राजवटीतील वनकायदे व जमिनीवरून होणाऱ्या बेदखलीविरुद्ध लढताना गोंड नेता कोमराम भीम 1940 मध्ये जोडेघाट येथे मारला गेला. त्यानंतर हैदराबाद सरकारने मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे आदिवासी प्रश्नांचा अभ्यास सोपविला. मारलावाई येथे राहून त्यांनी लिहिलेला या जमातीवरील ग्रंथ 1948 मध्ये प्रसिद्ध झाला.